चपट्या तोंडाची गाडी आणि झाडाचं काम

झाडाचं काम म्हटलं की लोक करवत बघतात, दोर बघतात, वर चढणारा माणूस बघतात. गाडीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात एखाद्या झाडाची छाटणी दुपारपर्यंत उरकेल की अंधार पडेपर्यंत रेंगाळेल, हे पुष्कळदा गाडीच ठरवते. गाडी बुंध्याशी जाऊन उभी राहिली तर वरून उतरवलेली फांदी थेट हौद्यात पडते. गाडी नाक्यावरच अडकली, तर तीच फांदी चार माणसांनी ओढत, वाटेतल्या स्कूटर बाजूला करत, लोकांच्या दारावरून न्यावी लागते. बदलापूरला माझा झाडछाटणीचा व्यवसाय आहे. काम बघायला गेलो की मी झाडाआधी गल्ली चालून येतो.

वजनाचा हिशेब एकदा मांडायला हवा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. वर्षावृक्षाची, म्हणजे रेन ट्रीची, 30 सेंटिमीटर जाडीची आणि 3 मीटर लांबीची फांदी घ्या. तिचं आकारमान साधारण 0.2 घनमीटर भरतं. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला 800 ते 900 किलो धरलं, तर हा एक तुकडा 170 ते 190 किलोंचा झाला. आपल्याकडचा टाटा एस, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात, अधिकृतपणे सुमारे 750 किलो वाहतो. म्हणजे असे चार तुकडे टाकले की गाडी भरली. उलट बाजूने पाहिलं, तर पानांसकटच्या बारीक फांद्या वजनाला काहीच नसतात, पण हौदा शिगोशिग भरून वर डोंगर होतो. लाकूड गाडीला वजनाने मारतं आणि पाला जागेने मारतो. झाडाच्या कामाला दोन्ही झेपणारी गाडी लागते, आणि तीही गल्लीत शिरणारी.

आता गाडीच्या तोंडाकडे येऊ. ट्रकचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिल्यात इंजिन पुढे, बॉनेटखाली, आणि ड्रायव्हर त्याच्या मागे बसतो. महिंद्राची बोलेरो पिकअप या जातीतली. दुसऱ्यात ड्रायव्हर इंजिनाच्या आणि पुढच्या चाकांच्या वरच बसतो आणि काचेच्या पुढे गाडी उरतच नाही. आयशर, बहुतेक टाटा आणि लेलँडचे ट्रक, शिवाय छोटा हत्ती, हे सगळे या चपट्या तोंडाचे. तिसरा प्रकार मधला. टाटांच्या जुन्या चारशेसातला पुढे वीतभर नाक असतं, इंजिन थोडं त्या नाकात आणि थोडं केबिनमध्ये घुसलेलं. चारशेसात पूर्ण चपट्या तोंडाचीही मिळते. म्हणजे एकाच घराण्यात दोन्ही स्वभाव.

आपल्या देशात चपटं तोंड रुळलं त्यामागे इतिहास आहे. 1954 मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हाच्या गाड्या बॉनेटच्या होत्या. जुन्या मराठी सिनेमांत घाटातून येणारा ट्रक आठवा, तोच. पुढे मोठ्या ट्रकांची तोंडंही चपटी होत गेली, आणि 1980 च्या दशकात हलक्या ट्रकांची एक लाटच आली. आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान अशा चार जोड्या जपानी नमुन्याचे चपट्या तोंडाचे ट्रक घेऊन उतरल्या. टाटांनी 1986 मध्ये चारशेसात आणून त्यांना उत्तर दिलं. 2005 मध्ये छोटा हत्ती आला आणि रिक्षा टेम्पोवर भागवणाऱ्या धंद्यांना चार चाकं मिळाली. त्याची लांबी 3.8 मीटर, रुंदी दीड मीटर, आणि वळायला लागणारी त्रिज्या 4.3 मीटर. हे आकडे मला पाठ आहेत, कारण उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या कित्येक गल्ल्यांचा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

परदेशात हीच गोष्ट कायद्याने ठरवली. युरोपात जोडट्रकची लांबी तोंडापासून शेपटापर्यंत मोजतात आणि मर्यादा 16.5 मीटरची. तिथे बॉनेट लावायचं म्हणजे मालाची जागा घालवायची, त्यामुळे सगळे चपटे. अमेरिकेत 1982 च्या कायद्यानंतर मोठ्या महामार्गांवर एकूण लांबीचं बंधन गेलं, फक्त मागच्या ट्रेलरची लांबी मोजायची ठरली. झालं, तिथले ट्रक पुन्हा लांब नाकाचे झाले. तिकडचे झाडकाम करणारे आजही बरेचसे बॉनेटच्याच गाड्या वापरतात. दाटीच्या शहरांत मात्र इसुझूसारख्या चपट्या गाड्या घेतात. आपल्याकडे साध्या ट्रकला एकूण 12 मीटर लांबी आणि 2.6 मीटर रुंदीची मर्यादा आहे. आमच्या गाड्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. आमची मर्यादा कायदा ठरवत नाही, भिंती ठरवतात.

उल्हासनगर बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि 1949 मध्ये या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. साधारण 13 चौरस किलोमीटरच्या शहरात 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं मोजली गेली. बराकींच्या जागी घरं, घरांच्या जागी इमारती, तळाशी कारखाना, मधे गल्ली. अशा गल्लीच्या तोंडाशी काटकोनात वळताना एक मीटर नाक असणं आणि नसणं यात आत जाणं आणि बाहेर थांबणं एवढा फरक पडतो. चपट्या तोंडाच्या गाडीत तेवढ्याच हौद्याला एकूण लांबी कमी लागते, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही आखूड ठेवता येतं, आणि वळण त्या अंतरावर अवलंबून असतं. ड्रायव्हर चाकाच्या वर बसलेला असतो, त्यामुळे तोंड गटारावरून पुढे नेऊन चाक कडेलाच फिरवता येतं. बॉनेटच्या गाडीत हा अंदाज डोळ्यांना दिसत नाही, तो सवयीने बांधावा लागतो.

झाडाच्या कामात आणखी एक फायदा आहे, आणि तो या धंद्याबाहेरच्या माणसाला सुचणार नाही. ड्रायव्हरला वरचं दिसतं. काच सरळ उभी, समोर नाक नाही. मान थोडी पुढे केली की लोंबलेली केबलची वायर, खाली आलेली फांदी, दुकानाचा बाहेर काढलेला पत्रा दिसतो. आमचा ड्रायव्हर वर चढलेल्या माणसाशी काचेतूनच खुणांनी बोलतो. झाडावरून हाक येते, "मामा, अजून हातभर पुढं घ्या!" आणि मामा गाडी हातभरच पुढे घेतात. वरची फांदी नेमकी हौद्यावर यायला तेवढी सरकवासरकव दिवसभर चालते.

आणि भाराची वाटणी. बॉनेटच्या छोट्या गाडीत माल जवळजवळ पूर्ण मागच्या धुऱ्यावर येतो. चपट्या गाडीत हौदा पुढे सरकलेला असल्यामुळे पुढचा धुराही आपला वाटा उचलतो. बुंध्याचे तुकडे भरताना हे लक्षात ठेवलं, तर परवानगी असलेलं वजन गाडी नीट वाहते.

इथवर वाचून वाटेल, मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न बरेच आहेत, आणि माझं म्हणणं असं की ते गाडी घेण्याआधीच पैशात धरायला हवेत.

सगळ्यांत मोठा प्रश्न इंजिनाकडे पोहोचण्याचा. जुन्या चपट्या ट्रकांत केबिन पक्की असायची आणि इंजिनाचं झाकण दोन सीटांच्या मधे असायचं. ड्रायव्हर त्यावर गोधडी टाकत. झाकण उघडलं की सगळी उष्णता आणि तेलाचा वास केबिनमध्ये. नव्या गाड्यांत पूर्ण केबिन पुढे कलते. मेकॅनिकला हे सोयीचं. पण आमच्या केबिनमध्ये दोर, हेल्मेट, करवतीचं तेल, पाण्याचा कॅन, डबे, सगळं असतं. साधं काही बघायचं असलं तरी ते उतरवा, पुढे केबिन कलेल एवढी मोकळी जागा शोधा, मग खटका सोडा. गल्लीत पुढे भिंत असते. बॉनेटच्या गाडीत हेच काम झाकण उचलून उभ्या उभ्या होतं.

आता यात बकेट गाडीची भर घाला. नगरपालिका आणि ठेकेदार जी हायड्रॉलिक शिडी वापरतात, जिच्या टोकाला माणूस उभा राहायचा पिंजरा असतो, तिचा बूम प्रवासात बहुतेक वेळा केबिनच्या टपावरून पुढे आडवा ठेवलेला असतो. बूम उचलायला हायड्रॉलिक दाब लागतो. दाब इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद पडलं की ते दुरुस्त करायला केबिन कलवायला हवी, आणि केबिनवर बूम पडलेला असतो. अंबरनाथच्या एका सोसायटीत दुसऱ्या एका ठेकेदाराची गाडी अशी अडकलेली मी पाहिली आहे. फाटकातच बंद पडली, आत-बाहेर जायचा रस्ता एकच, आणि हाताने चालवायचा पंप महिनोन्‌महिने कुणी वापरून पाहिलेला नव्हता. शेवटी हायड्रा क्रेन मागवून बूम उचलला. म्हणून बकेट गाडी घेताना मी दोन गोष्टी बघतो. बूम केबिनवर न येता उलटा, हौद्यावर मागे तोंड करून ठेवता येतो का? आणि बॅटरीवर चालणारा वेगळा पंप आहे का? दोन्हींपैकी एकही नसेल तर ती गाडी गल्लीत नेऊ नये.

दुसरा प्रश्न पाल्याचा. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात एक फट असते. चपट्या गाडीत इंजिनाचा मागचा भाग त्याच फटीखाली उघडा असतो आणि बऱ्याच गाड्यांत हवा ओढायचं तोंडही तिथेच वर काढलेलं असतं. गुलमोहराची आणि सुबाभळीची बारीक पानं, करवतीचा भुसा, सोनमोहराच्या वाळक्या शेंगा, सगळं त्या फटीतून खाली जातं. एअर फिल्टर चोंदतो, गाडी काळा धूर टाकते, रेडिएटरच्या जाळीवर थर बसतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत आणखी एक गोष्ट आली. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी गाडी अधूनमधून जास्त तापवून जाळते. आमची गाडी दिवसभर एका जागी उभी राहून पंप चालवते. धावत नाही, त्यामुळे काजळी लवकर साठते आणि ती जाळायची वेळ नेमकी कामावर येते, खाली वाळका पाला पसरलेला असताना. त्या वेळी सायलेन्सरखालची जमीन झाडून घेणं हे काम आमच्याकडे नेमून दिलेल्या एका माणसाचं असतं. फटीवर जाड ताडपत्रीची झडप आम्ही शिवून घेतली आहे. केबिन कलवताना ती काढता येते.

उष्णतेबद्दल फार लिहायला नको. मे महिन्यात इंजिनावर बसून काम करणं काय असतं ते आमच्या ड्रायव्हरांना विचारा. 1 ऑक्टोबर 2025 पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, हे मला मनापासून आवडलं. जुन्या गाड्यांत बसणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मी इंजिनाच्या झाकणाखाली उष्णतारोधक थर बसवून घेतो आणि दुपारी एक ते तीन काम थांबवतो.

सगळ्यांत जास्त काळजी मला विजेच्या तारेची वाटते. पावसाळ्याआधी महावितरणच्या तारांजवळच्या फांद्या काढायची धावपळ या सगळ्या पट्ट्यात असते, आणि वस्ती वाढता वाढता तारा झाडांत आणि झाडं तारांत गेली आहेत. पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय आणि तारेला अर्थिंग लावल्याशिवाय बूम वर जाता कामा नये. तरीही समजा शेजारच्या चालू तारेला बूम किंवा ओली फांदी टेकली, तर अख्खी गाडी विजेने भारली जाते. टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचू, हा समज जीवघेणा आहे. केबिनमध्ये बसलेला माणूस आत राहिला तर सुरक्षित असतो. त्याने तिथेच थांबावं, कुणालाही गाडीजवळ येऊ देऊ नये आणि वीज बंद करवावी. तक्रारीचा 1912 हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेला असावा. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची, आणि मग पाय न उचलता, जवळजवळ घासत दूर जायचं. हात दांडीला आणि पाय जमिनीला एकाच वेळी लागला की वीज शरीरातून जाते. इथेच चपट्या गाडीचा उंच दरवाजा घात करतो. आपली सवय अशी की दांडी धरायची, पायरीवर पाय ठेवायचा, मग खाली. बोलेरोसारख्या बुटक्या गाडीतून उडी मारणं सोपं, ट्रकच्या केबिनमधून मारणं अवघड. म्हणून आम्ही गाडी उभी असताना, झाड नसताना, ही उडी प्रत्येकाकडून करवून घेतो. नवीन आलेली पोरं आधी हसतात. एकदा मारली की कळतं, दांडीकडे हात आपोआप जातो.

समोरून धडक बसली तर काय, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. चपट्या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच एवढंच असतं. केबिन किती दाब सोसते याची चाचणी एआयएस-029 या मानकाखाली होते, समोरून, टपावर आणि मागच्या भिंतीवर. त्यामुळे अलीकडच्या कारखान्यात बनलेल्या केबिन जुन्या लाकूड-पत्र्याच्या केबिनपेक्षा कितीतरी बऱ्या. वरून पडणाऱ्या फांदीसाठी बरेच जण टपावर लोखंडी जाळी बसवतात, पुढे जाड गार्ड लावतात. पुढच्या गार्डला केंद्र सरकारने 2017 मध्येच बेकायदा ठरवलं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. मला हे पटतं. जाळीने माणूस वाचेल असा भरवसा ठेवून केबिनवर फांदी पाडू नये. केबिन झाडाच्या पसाऱ्याबाहेर राहील अशी गाडी मागे घेऊन लावायची, फांदी दोराने हळू उतरवायची, आणि ती उतरत असताना केबिनमध्ये कुणी बसायचं नाही.

अंबरनाथ आणि बदलापूरकडे सरकलं की पारडं थोडं फिरतं. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत रस्ते रुंद, कारखान्यांची आवारं मोकळी, तिथे मोठा आयशर आणि हायड्रा आरामात फिरतात. तिथे तोंड चपटं की लांब, फारसा फरक पडत नाही. जुन्या वस्तीत मात्र उल्हासनगरचीच गत. 1060 सालच्या शिवमंदिराच्या परिसरात वालधुनी नदीच्या काठची जुनी झाडं आहेत. तिथे गाडी कितीही छोटी असली तरी ती लांब उभी करून माणसांनी दोरावर काम करावं, या मताचा मी आहे. मुळांवर ट्रकचं चाक गेलं की माती दाबली जाते, पाणी आणि हवा खाली जात नाही, आणि झाड काही वर्षांनी वाळतं. तेव्हा कुणाला ट्रक आठवत नाही.

बदलापूरची गोष्ट वेगळी आहे. कात्रप, खरवई, बेलवलीच्या सोसायट्यांमध्ये चपटी गाडीच हवी. पण बारवी धरणाच्या रस्त्याला, मुळगावच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठच्या वाड्यांवर जमीन मऊ. पावसाळ्यात चपट्या गाडीचा जड पुढचा धुरा आधी रुततो, आणि हौदा रिकामा असल्यामुळे मागची चाकं नुसती फिरतात, कारण जोर त्यांना असतो पण वर वजन नसतं. अशा ठिकाणी मी छोट्या नाकाची जुनी चारशेसात किंवा पिकअप नेतो. पहिले दोन-तीन जड तुकडे मागच्या धुऱ्यावर टाकतो आणि मगच गाडी हलवतो. रिकाम्या चपट्या गाडीला ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर शेपूट सरकतं. उतारावर हे विसरून चालत नाही.

बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे जुन्या जांभळांकडे लोक पुन्हा प्रेमाने बघतात. जांभळाची फांदी दिसते दणकट, पण मोडते अचानक, आणि त्यावर चढलेली माणसं पडल्याच्या गोष्टी प्रत्येक पाड्यावर ऐकायला मिळतात. या झाडाला बकेट गाडीच चांगली. माणूस फांदीवर वजन न टाकता बाहेरून छाटतो, बुंधा शाबूत राहतो, आणि पुढच्या वर्षी फळ येतं. वाडीपर्यंत वाट बकेट गाडीच्या चाकांना झेपेल का, एवढाच प्रश्न उरतो. उन्हाळ्यात झेपते. म्हणून जांभूळ, आंब्याच्या वाड्यांची कामं पाऊस पडायच्या आत घ्यावीत, असं मी सगळ्यांना सांगतो.

शहरात आणखी एक गोष्ट जाणवते. गटारं झाकणाऱ्या लाद्या माणसांसाठी असतात. चपट्या गाडीचं तोंड गटारावरून नेता येतं, पण चाक लादीवर आलं तर ती तुटते, आणि बकेट गाडीचा जॅक लादीवर टेकवला तर गाडी कलंडू शकते. जॅकखाली टाकायला जाड लाकडी पाट आम्ही बाभळीच्या बुंध्यातून कापून घेतलेत. ते टाकल्याशिवाय बूम उचलायचा नाही हा नियम मोडलेला मला चालत नाही.

कागदांचंही सांगायला हवं, कारण गाडी गल्लीत शिरली की शेजारीपाजारी विचारतात. महाराष्ट्राच्या शहरांमध्ये 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचं संरक्षण मिळालं. परवानगीची प्रत आम्ही काचेला आतून चिकटवतो. चपट्या गाडीची मोठी काच तेवढ्यापुरती उपयोगी पडते. दुसरा कागद वजनाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर जास्त भार भरल्यास 20 हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, आणि फांद्या हौद्याबाहेर लोंबत असतील तरीही 20 हजार. म्हणून पाला दाबून, दोर आवळून, वर जाळं टाकायचं. श्रेडर असेल तर पाल्याचा भुगा होऊन तो एका खेपेत मावतो. तो नसेल तर दोन खेपा कराव्या, पण लोंबत्या फांद्या घेऊन कल्याण-बदलापूर रस्त्यावर येऊ नये. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला त्या असतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींना माझं सांगणं असतं की ठेकेदाराला दर विचाराल तेव्हा गाडी कोणती, ती कुठे उभी राहणार आणि दोर कशाला बांधणार, हेही विचारा. एकदा एका बाई सेक्रेटरींनी मलाच विचारलं, "दादा, तुमची गाडी गेटातून आत आली, मग आमची ॲम्ब्युलन्स कुठून येणार?" त्या दिवशी आम्ही गाडी गेटाच्या बाहेर उभी केली, फांद्या लहान कापल्या आणि दोन माणसं जास्त लावली. त्या बाईंचा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक कामाच्या आधी स्वतः विचारतो.

पुढच्या पावसाळ्याआधी मला आणखी एक गाडी घ्यायची आहे, आणि ती चपट्या तोंडाचीच घेणार. आखूड चाकांतराची, कलणाऱ्या केबिनची, बूम मागे तोंड करून ठेवता येणारी. जुनी मिळाली तर केबिनचा खटका आणि उचलून धरणारा दांडा मी आधी तपासेन, कारण त्या दांड्याखाली मान घालून मेकॅनिक काम करतो. मग फटीतला पाला किती साचलाय ते बघेन; त्यावरून आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते कळतं. बॅटरीवरचा पंप नसेल तर तो बसवायचा खर्च किमतीतून वजा करून मागेन, आणि त्या दोन-तीन गोष्टी मान्य नसतील तर परत येईन. छोट्या नाकाची चारशेसात विकणार नाही. जुलैत मुळगावच्या चिखलात जायला तीच लागते.